सोनं काट्यावर, खेळाडू मात्र अंदाजावर!

"ताई, मना हात दुखी ऱ्हायना."

माझी मावसबहीण पंधरा वर्षांची आहे. धुळ्याला शिकते आणि शाळेच्या बेसबॉल टीमची पिचर आहे. गेल्या हिवाळ्यात एका आंतरशालेय स्पर्धेत एकाच दिवशी तिची तिसरी मॅच सुरू होती. दोन इनिंगच्या मध्ये पाणी प्यायला आली, तेव्हा खांदा चोळत ती हे म्हणाली. एरवी माझ्याशी ती शाळेतल्या मराठीत बोलते. अहिराणीत बोलली, म्हणजे खरंच दुखत असणार.

मी तिथल्या एका सरांना विचारलं, "सर, हिने आज किती चेंडू टाकले?"

सर म्हणाले, "अगं, तीन मॅच टाकल्या ना!"

"हो सर, पण चेंडू किती?"

सर माझ्याकडे बघत राहिले. त्यांचाही दोष नव्हता. मॅच, पाणी, जेवण, परतीची गाडी, सगळं त्या एका माणसाच्या डोक्यावर होतं. स्कोअरशीटवर रन लिहिलेले होते, चेंडू कुणीच मोजले नव्हते. उरलेली मॅच मी कडेला बसून मोजलं आणि आधीच्या इनिंगचे आकडे एका पालकाच्या मोबाइलमधल्या व्हिडिओवरून काढले. त्या एका मॅचमध्ये तिने ७१ चेंडू टाकले होते. सकाळच्या दोन मॅचमध्ये किती टाकले, ते आजही कुणाला माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात निवड चाचणी होती. प्रत्येक पिचरला दहा-दहा चेंडू टाकायला सांगितले. हिचा खांदा अजून धरलेला होता. निवड झाली नाही. खेळात असं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी अडचण वेगळी आहे. ती का निवडली गेली नाही आणि दुसरी का निवडली गेली, हे सांगायला कुणाकडेच कागद नव्हता. अख्ख्या सीझनमध्ये तिने किती स्ट्राइक टाकल्या, किती हिटर बाद केले, तिचा वेग वाढला की घटला, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. दहा चेंडू आणि बघणाऱ्यांची नजर, एवढाच पुरावा.

मी जळगावची. आमच्या गावाला लोक सुवर्णनगरी म्हणतात. इथल्या सराफाकडे तुम्ही आजीची जुनी अंगठी घेऊन गेलात, तर तो आधी काट्यावर ठेवतो, मग मशीनवर कॅरेट बघतो आणि त्यानंतरच भाव बोलतो. रावेर-यावलची केळी काट्यावरून गेल्याशिवाय ट्रकमध्ये चढत नाही. कापूस विकताना क्विंटलमागे शंभर रुपये कमी मिळाले तरी आपण भांडतो. आणि आपली पोरं? ती मात्र "बरी टाकते", "हात चांगला आहे", "हा हिटर भारी आहे" एवढ्या मापावर निवडली जातात आणि तेवढ्याच मापावर घरी पाठवली जातात.

मंडळी, माझं म्हणणं एवढंच आहे. बेसबॉल आणि सॉफ्टबॉलमध्ये डेटा ही श्रीमंत अमेरिकन क्लबांची चैन नाही. जिथे पैसा कमी, ओळख कमी आणि डॉक्टर लांब, तिथे तर त्याची गरज जास्त. आणि सुरुवात करायला लागतात एक वही, एक मोबाइल आणि एक मोजणारा माणूस.

हा खेळ मोजूनच मोठा झाला

धुळ्याच्या मैदानावरून एकदम अमेरिकेत उडी मारतेय, पण कारण आहे. जगात बेसबॉलइतका मोजला गेलेला खेळ क्वचितच असेल, आणि गंमत म्हणजे त्या मोजण्याची सुरुवात क्रिकेटच्या माणसाने केली. हेन्री चॅडविक हा इंग्लंडमध्ये जन्मलेला पत्रकार लहानपणीच अमेरिकेत गेला आणि पुढे तिथल्या पेपरांसाठी क्रिकेटच्या बातम्या लिहायचा. १८५०च्या दशकात तो बेसबॉलकडे वळला आणि क्रिकेटच्या धावफलकासारखा बेसबॉलचा तक्ता त्याने रूढ केला. कुणी किती वेळा बॅटिंग केली, किती हिट मारल्या, किती चुका केल्या, सगळं एका चौकटीत. स्ट्राइकआउटसाठी आजही स्कोअरबुकात 'के' लिहितात, ती खूण त्याचीच. म्हणजे आपण आज ज्याला स्पोर्ट्स डेटा म्हणतो, त्याचं मूळ एका पत्रकाराच्या वहीत आहे. मास कॉमच्या विद्यार्थिनीला हे वाचून किती बरं वाटलं असेल, कल्पना करा!

दुसरा माणूस बिल जेम्स. १९७०च्या दशकात तो अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रीचा पहारेकरी होता. ड्यूटीवर बसून तो बेसबॉलचे आकडे मांडायचा आणि सगळे तज्ज्ञ ज्या गोष्टी गृहीत धरतात, त्या खऱ्या आहेत का ते तपासायचा. १९७७ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने त्याचं पुस्तक काढलं. सुरुवातीला फार कुणी विकत घेतलं नाही. पुढे मात्र मोठमोठे क्लब त्याच्या पद्धतीने विचार करू लागले.

त्यातला सगळ्यांत गाजलेला क्लब म्हणजे ओकलंड ॲथलेटिक्स. 'मनीबॉल' सिनेमा बघितला असेल तर ब्रॅड पिट आठवेल. २००२च्या सीझनआधी या टीमचे मोठे खेळाडू जास्त पैसे देणाऱ्या क्लबांकडे गेले. ओकलंडचं पगाराचं बजेट होतं साधारण ४ कोटी डॉलर, तर न्यूयॉर्क यांकीजचं १२ कोटींच्या वर. मग त्यांचा जनरल मॅनेजर बिली बीन आणि त्याचा सहकारी पॉल डिपोडेस्टा यांनी बाकीच्यांनी कमी लेखलेले खेळाडू आकड्यांवरून शोधले. त्या सीझनला ओकलंडने १०३ मॅच जिंकल्या, त्यांत सलग २० विजय होते. यांकीजनेही १०३च जिंकल्या. पैशांत तिप्पट फरक, निकालात शून्य. हे मी मुद्दाम सांगतेय. ज्याच्या खिशात कमी, त्याने डेटा आधी वापरला.

मशीन नेमकं बघतं काय?

आता पुढची पायरी. २०१५ पासून अमेरिकेच्या मेजर लीगमधल्या सगळ्या ३० मैदानांवर स्टॅटकास्ट नावाची यंत्रणा आहे. आधी त्यात रडार आणि कॅमेरे होते. २०२० पासून हॉक-आयचे कॅमेरे आहेत, म्हणजे क्रिकेटच्या एलबीडब्ल्यूमुळे आपल्याला घरबसल्या माहीत झालेलं तेच तंत्रज्ञान. पिचरच्या हातातून चेंडू सुटल्यापासून सगळं मोजलं जातं.

पिचरसाठी मुख्य गोष्टी तीन. पहिली वेग. मोठ्या खेळाडूंमध्ये पिचरची पट्टी ते होम प्लेट हे अंतर १८.४४ मीटर असतं. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू तिथपर्यंत साधारण ०.४ सेकंदात पोचतो. डोळ्याची उघडझाप होईपर्यंत खेळ संपलेला. दुसरी गोष्ट फिरकी. तिथल्या पिचरचा फास्टबॉल मिनिटाला साधारण २,२०० ते २,३०० गिरक्या घेतो. ही गिरकी उलटी असल्यामुळे चेंडू अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो आणि हिटरला तो वर उसळल्यासारखा वाटतो. बॅट त्याच्या खालून जाते. तिसरी गोष्ट जागा. चेंडू स्ट्राइक झोनच्या कोणत्या कोपऱ्यातून गेला.

हिटरसाठी दोन आकडे महत्त्वाचे. चेंडू बॅटवरून किती वेगाने सुटला आणि जमिनीशी किती अंशांचा कोन करून गेला. कोन १० अंशांपेक्षा कमी असेल तर चेंडू जमिनीवरून सरपटतो. १० ते २५ अंशांत तो सणसणीत सरळ जातो. २५ ते ५० मध्ये उंच जातो, आणि त्याच्याही वर गेला तर आकाशात चढून फील्डरच्या हातात आयता पडतो. ताशी १५३ किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने सुटलेल्या चेंडूला तिथे 'हार्ड हिट' म्हणतात. याचा फायदा असा की, जोरदार मारलेला चेंडू नेमका फील्डरच्या हातात गेला आणि हिटर बाद झाला, तरी "फटका चांगला होता" हे नुसतं दिलासा देणारं वाक्य राहत नाही. त्याच्यामागे आकडा उभा असतो.

दोन हिटर, एक जागा

हे सगळं ऐकून वाटेल, आपल्याकडे कुठे आहेत एवढे कॅमेरे? नसू देत. कॅमेऱ्याशिवायचा एक हिशेब करून दाखवते. उदाहरण काल्पनिक आहे, पण निवड समितीपुढे असा पेच रोज येतो.

समजा टीममध्ये एक जागा शिल्लक आहे आणि दोन मुली आहेत. दोघीही स्पर्धेत २०-२० वेळा बॅटिंगला उभ्या राहिल्या. पहिलीने ६ हिट मारल्या आणि २ वेळा तिला वॉक मिळाला. (पिचरने चार खराब चेंडू टाकले की हिटरला पहिला बेस फुकट मिळतो, तो वॉक.) दुसरीने ४ हिट मारल्या, पण तिला ७ वॉक मिळाले. बॅटिंगची सरासरी काढताना वॉक धरत नाहीत. म्हणून पहिलीची सरासरी १८ पैकी ६, म्हणजे ०.३३३. दुसरीची १३ पैकी ४, म्हणजे ०.३०८. सरासरी बघितली तर पहिली पुढे. नजरेने बघितलं तर पहिली आणखी पुढे, कारण हिटला टाळ्या पडतात, वॉकला कुणी टाळी वाजवत नाही.

आता दुसरा प्रश्न विचारा. बेसवर किती वेळा पोचली? पहिली २० पैकी ८ वेळा, दुसरी २० पैकी ११ वेळा. पहिलीने टीमचे १२ आउट खर्च केले, दुसरीने ९. बेसबॉलमध्ये इनिंग संपते ती तीन आउट झाल्यावर, त्यामुळे आउट हेच या खेळातलं चलन. खराब चेंडू सोडून देण्याची अक्कल दुसरीकडे जास्त आहे, आणि ती अक्कल कुणाला दिसलीच नाही, कारण वॉक कुणी लिहून ठेवले नाहीत. ओकलंडने २००२ मध्ये बाजारातून स्वस्तात उचलले ते असेच बेसवर पोचणारे खेळाडू. या हिशेबाला लागतं काय? पाचवीचं गणित आणि नीट भरलेलं स्कोअरशीट.

खिशातला स्पीडगन

वेग मोजायला महागडी गन नसेल तर मोबाइल आहे. आजकालच्या बऱ्याच फोनमध्ये स्लो मोशन असतं, त्यात सेकंदाला २४० फ्रेम निघतात. फोन स्टँडवर ठेवा, जाळीच्या मागे, पिचर आणि होम प्लेट दोन्ही दिसतील असा बाजूने. मग व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे ढकलत मोजा, चेंडू हातातून सुटल्यापासून प्लेटवर पोचेपर्यंत किती फ्रेम गेल्या.

समजा १५० फ्रेम गेल्या. १५० भागिले २४०, म्हणजे ०.६२५ सेकंद. पिचर मोठं पाऊल पुढे टाकून फेकतो, म्हणून चेंडूचा खरा प्रवास १८.४४ ऐवजी साधारण १७ मीटर धरा. १७ भागिले ०.६२५, म्हणजे सेकंदाला २७.२ मीटर. त्याला ३.६ ने गुणलं की ताशी जवळजवळ ९८ किलोमीटर. लहान वयोगटात किंवा सॉफ्टबॉलमध्ये अंतर वेगळं असतं, तेव्हा टेप लावून मोजा. हा सरासरी वेग आहे. गन चेंडू सुटतानाचा वेग दाखवते, तो थोडा जास्त असतो. म्हणून मोबाइलचा आकडा गनच्या आकड्याशी लावू नका. तुमचा जूनचा आकडा तुमच्याच डिसेंबरच्या आकड्याशी लावा. खरी प्रगती तिथेच दिसते. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात, तिथे एका फ्रेमची चूक झाली तरी आकडा पाचेक टक्क्यांनी हलतो. म्हणून स्लो मोशनच हवं.

हिटरसाठी वहीत फक्त तीन अक्षरं पुरतात. चेंडू जमिनीवरून गेला तर 'ज', सरळ गेला तर 'स', उंच गेला तर 'उ'. पन्नास फटक्यांनंतर वही उघडा. 'ज'च 'ज' दिसले तर बॅट चेंडूवर वरून येतेय, हे कोचने न सांगताही कळेल. पिचरसाठी नऊ घरांचा चौकोन काढा आणि चेंडू ज्या घरातून गेला तिथे टिंब द्या. महिन्याभरात त्या कागदावर तुमची सवय उमटते. खांदा आधी उघडत असेल तर टिंबं एका बाजूला सरकलेली दिसतील.

वाराणसीकडच्या दोन पोरांची गोष्ट

आकडा दार कसं उघडतो, आणि कुठे थांबतो, हे बघायचं असेल तर आपल्याच देशातली एक गोष्ट आहे. २००७-०८ मध्ये भारतात 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा झाली. जे. बी. बर्नस्टीन या अमेरिकन एजंटची ही कल्पना. निकष साधा होता. बेसबॉल फेका, वेग गनवर दिसेल आणि चेंडू स्ट्राइकमध्ये गेला पाहिजे. वशिला नाही, शाळेचं नाव नाही, इंग्रजीची अट नाही. त्यातून पुढे आले उत्तर प्रदेशातल्या वाराणसी परिसरातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. दोघेही भालाफेक करणारे. बेसबॉल त्यांनी आयुष्यात खेळला नव्हता. रिंकूने ताशी ८७ मैल, म्हणजे १४० किलोमीटरच्या वेगाने चेंडू टाकला आणि एक लाख डॉलर जिंकले. अमेरिकेत टॉम हाउस या नामवंत कोचकडे दोघे शिकले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्स क्लबने त्यांना करारबद्ध केलं. अमेरिकन क्लबाशी करार करणारे ते पहिले भारतीय खेळाडू ठरले.

गनवरचा एक आकडा नसता तर भदोहीकडच्या ट्रकचालकाच्या मुलाकडे पिट्सबर्गने कशाला बघितलं असतं? पण गोष्ट इथे संपत नाही. दिनेश २०१० मध्ये परतला. रिंकू खालच्या लीगमध्ये काही वर्षं खेळला, पण मेजर लीगपर्यंत पोचला नाही. पुढे तो कुस्तीच्या शोमध्ये गेला. वेग होता, पण लहानपणापासून खेळल्याने अंगात मुरणारा खेळ दोन वर्षांत कसा येणार? आकड्याने दार उघडलं, आत चालायला शिकवलं नाही. ते काम कोचचं, मैदानाचं आणि वर्षानुवर्षांच्या सरावाचं. डेटावर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाने या गोष्टीचा दुसरा अर्धा भागही लक्षात ठेवावा.

खांदा वाचवणारा आकडा

आता माझ्या बहिणीच्या ७१ चेंडूंकडे परत येते. हा आकडा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण यात जिंकणं-हरणं नाही, शरीर आहे.

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल या संस्थांनी २०१४ मध्ये 'पिच स्मार्ट' नावाचे नियम तयार केले. वाढत्या वयातल्या मुलांचे कोपर आणि खांदे फार फेकल्यामुळे निकामी होत होते. कोपराच्या ज्या ऑपरेशनला 'टॉमी जॉन' म्हणतात, ते १९७४ मध्ये पहिल्यांदा एका व्यावसायिक पिचरवर झालं. पुढे ते शाळकरी मुलांवर करायची वेळ येऊ लागली. म्हणून वयाप्रमाणे मर्यादा ठरवल्या. ११-१२ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ८५ चेंडू, १३ ते १६ वयात ९५, १७-१८ व्या वर्षी १०५. आणि विश्रांती सक्तीची. १५-१६ वर्षांच्या पिचरने ६१ ते ७५ चेंडू टाकले तर तीन दिवस सुट्टी, ७६ च्या वर गेले तर चार दिवस. एकाच दिवशी एकापेक्षा जास्त मॅचमध्ये पिचिंग टाळा, असंही त्यात स्पष्ट आहे.

म्हणजे बहिणीच्या एकट्या तिसऱ्या मॅचचा आकडा धरला, तरी तिला तीन दिवस हात बांधून बसायला हवं होतं. सकाळच्या दोन मॅच वेगळ्याच. हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. टीममध्ये बरी पिचर एकच असते, बाद फेरीत ती हवीच असते, आणि ती पोरगीही "मी टाकते सर" म्हणते. म्हणूनच आकडा हवा. "दुखतंय" म्हणणाऱ्या मुलीला लोक नाजूक म्हणतात. "९५ झाले, आता बास" म्हणणाऱ्या वहीला कुणी नाजूक म्हणू शकत नाही.

"आमची नजर आहे ना!"

हा विषय काढला की अनुभवी लोक म्हणतात, "तीस वर्षं मैदानावर काढलीत, आम्हाला आकडे नको शिकवू." मी त्यांचा मान ठेवून म्हणते, नजर हवीच. सराफाकडे मशीन आलं म्हणून सराफ घरी बसला नाही. दागिन्याची घडण, टाका, कारागिरी त्यालाच कळते. पण आता "माझ्यावर विश्वास ठेवा" एवढ्यावर तो भागवत नाही, गिऱ्हाइकाला काटा दाखवतो. कोचच्या नजरेलाही काटा जोडीला मिळाला तर ती नजर आणखी तेज होईल. मुलाची मान का झुकतेय, घरी काही बिनसलंय का, पराभवानंतर तो गप्प का झालाय, हे कोणत्याही कॅमेऱ्याला दिसत नाही.

डेटाचे धोकेही आहेत. पहिला, थोड्या आकड्यांवरून मोठे निष्कर्ष. एका मॅचमध्ये तीनपैकी तीन हिट म्हणजे काही सिद्ध होत नाही. कुणी आकडा फेकला की आधी विचारा, किती चेंडूंवरून काढला? दुसरा, तंत्रज्ञानाने प्रामाणिकपणा येतोच असं नाही. २०१७ च्या विजेत्या ह्यूस्टन ॲस्ट्रोजने कॅमेऱ्याने समोरच्या कॅचरच्या खुणा चोरल्या आणि कचऱ्याचा डबा बडवून हिटरला इशारे दिले. २०२० मध्ये त्यांना ५० लाख डॉलर दंड झाला. तिसरा धोका आपल्या जवळचा. आकडे मुलांचे आहेत. कुणाचा वेग कमी, कुणाला दुखापत, हे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून थट्टा करायची गोष्ट नाही. पहिला हक्क खेळाडूचा आणि त्याच्या पालकांचा.

मग करायचं काय?

आपल्याकडे खेळ म्हणजे फक्त हौस नाही. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. जिल्हा, विभाग, राज्य अशा एकेका पायरीवर पोरांचं भविष्य हलतं. एवढं मोल असलेल्या गोष्टीची नोंद नको? म्हणून चार मागण्या.

एक, प्रत्येक शालेय स्पर्धेचं पूर्ण स्कोअरशीट जपून ठेवा आणि त्याचा फोटो दोन्ही टीमना त्याच दिवशी द्या. बक्षीस समारंभ झाला की ते कागद कुठे जातात, देव जाणे. प्रमाणपत्रावर 'सहभाग' लिहिलेला असतो, खेळ लिहिलेला नसतो.

दोन, पिचरचे चेंडू मोजायला प्रत्येक मॅचला एक मुलगा बसवा आणि आकडा फळ्यावर लिहा, सगळ्यांना दिसेल असा.

तीन, निवड चाचणीत वेग, स्ट्राइक, बेसवर पोचण्याचं प्रमाण असे दोन-तीन आकडे नोंदवा आणि निवड न झालेल्या प्रत्येकाला त्याचा कागद हातात द्या. "पुढच्या वर्षी ये" म्हणण्यापेक्षा "स्ट्राइक दहापैकी चार पडल्या, सहा पाड" हे सांगणं जास्त माणुसकीचं आहे.

चार, कॉलेजच्या दोस्तांनो, हे तुमच्यासाठी. संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटर शिकणारी कितीतरी मुलं विद्यापीठात आणि कॉलेजांत प्रोजेक्टचे विषय शोधत असतात. तेच ते हॉस्पिटल मॅनेजमेंट आणि लायब्ररी मॅनेजमेंट किती वर्षं करणार? एका शाळेच्या बेसबॉल टीमचा एका सीझनचा डेटा गोळा करा. स्कोअररला क्रिकेटमध्ये मान आहे, इथेही मिळेल.

वेळही चांगली आहे. १६ ऑक्टोबर २०२३ ला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटबरोबर बेसबॉल आणि सॉफ्टबॉललाही जागा दिली. तो निर्णय झाला आपल्या मुंबईत. क्रिकेटची बातमी सगळ्यांनी वाजवली, दुसऱ्या दोन खेळांची ओळ खाली राहून गेली. २०२८ ला आपल्या गल्लीतलं कुणी तिथे पोचेल असं स्वप्न मी विकत नाहीये. पण त्यानंतरच्या एखाद्या वर्षी कुणी शोधत आलं की खानदेशात चांगला पिचर आहे का, तर "आहे, हा बघा त्याचा पाच वर्षांचा हिशेब" असं म्हणता आलं पाहिजे.

माझी बहीण डॉक्टरांच्या सांगण्यावरून महिनाभर थांबली आणि आता पुन्हा खेळतेय. तिच्या बॅगेत ग्लोव्हच्या बाजूला शंभर पानी वही असते. परवा फोनवर म्हणाली, "ताई, या आठवड्यात १४० चेंडू टाकले, तीन दिवसांत वाटून. स्ट्राइक ७९." मी विचारलं, हात कसा आहे? म्हणाली, "दुखत नाहीये. आणि दुखला तर कितव्या चेंडूला दुखला, ते लिहून ठेवीन."

पंधरा वर्षांच्या मुलीला हे सुचलं. मोठ्यांनी आता फक्त वही विकत घ्यायची आहे.